आप्पा समरकंदच्या बाजारात

आप्पा कागद आधी ऐकत आणि मग बघत.

कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. मशीनवरून कापलेला नमुना आला, की आम्ही तो घेऊन यंत्रांकडे जायचो. जाडी मोजायची, ओल मोजायची, किती ताणल्यावर फाटतो ते बघायचं. आप्पा खुर्चीतून उठत, तळहाताएवढा तुकडा फाडत, उजव्या कानाशी धरत, डाव्या हाताच्या बोटानं त्याला एक टिचकी मारत आणि डोळे मिटून उभे राहत. मग "ओला आहे," एवढं म्हणून परत खुर्चीत बसत. थोड्या वेळानं यंत्रही बहुतेक तेच सांगायचं.

मीही पुष्कळदा कागद कानाला लावून पाहिला. कागद वाजतो एवढं मला ऐकू यायचं. तो काय म्हणतो ते अकरा वर्षांत एकदाही कळलं नाही.

"घाई करतोस," आप्पा म्हणायचे. "टिचकी मारली की लगेच ऐकायचं नसतं. आवाज संपल्यावर जे राहतं ना, ते ऐकायचं."

एकदा त्यांनी भर दुपारी एक अख्खं रीळ थांबवायला लावलं. कागद बसका बोलतोय म्हणाले. मशीनवरची माणसं वैतागली, पण आप्पांपुढे कोण बोलणार? सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या आणि रीळ अगदी उत्तम निघालं. दुसऱ्या दिवशी आप्पा बुऱ्हाणपुरातून मावा जिलेबीचा मोठा डबा घेऊन आले, मशीनवर गेले आणि प्रत्येकाच्या हातावर स्वतः जिलेबी ठेवली. "काल मला सर्दी होती. ते मी आधी सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. इतकी सरळ माफी मी कारखान्यात कुणाला मागताना पाहिली नव्हती. जिलेबी संपल्यावर त्यांनी डब्याच्या तळाचा तुपकट कागद तेवढा घडी करून खिशात ठेवला.

कारण कागद ते जमवत. चांगले नव्हेत, बांधाबांधीचे. कुणी गावाला निघालं, की आप्पांचं सांगणं ठरलेलं असे, "माझ्यासाठी काही आणू नको. ज्यात बांधून देतील तो कागद आण." त्यांच्याकडे पत्र्याच्या दोन ट्रंका भरून पुड्यांचे कागद होते. धूलकोटच्या आठवडी बाजारातल्या फुटाण्यांचे, अमळनेरच्या उदबत्तीचे, कुठल्या कुठल्या वैद्यांच्या चूर्णांचे. सुटीच्या दिवशी ते एखादा कागद काढून मांडीवर पसरत आणि त्या गावाबद्दल बोलत. ज्या गावात ते कधी गेले नव्हते त्या गावाबद्दलही बोलत. "इथला दुकानदार डावखुरा आहे, घड्या बघ," असं म्हणत. माझी आई त्यांच्यासाठी किराण्याच्या पुड्या सोडवून ते कागद हातानं दाबून सपाट करून ठेवायची. तिला त्यांचं वेड कळत नव्हतं, पण माणूस आवडायचा. "ज्याला फेकायच्या वस्तूची किंमत आहे तो माणूस वाईट नसतो," असं ती म्हणायची.

वर्तमानपत्र ते रोज घेत आणि वाचत नसत. "काय म्हणतो आजचा पेपर?" असं विचारलं, की चिमटीत धरून सांगत, "कोरडा आहे आज." लग्नाची पत्रिका आली, की अंगठ्यानं चोळून म्हणत, "घाईत काढलीये. जेवायला उशीर होणार." आणि खरंच उशीर व्हायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बुऱ्हाणपुरात घर घेतलं, तेही लूमच्या गल्लीत. दोन्ही बाजूंना पॉवरलूम, सकाळी सुरू झाले की संध्याकाळपर्यंत खटाखट खटाखट. भिंतीवरची घड्याळं थरथरायची. त्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात. आम्हाला नवल वाटलं. कागदाचा आवाज ऐकणारा माणूस या कलकलाटात राहायला का गेला? मीही तोवर नोकरी सोडून गावात शनवारा वेशीजवळ स्टेशनरीचं दुकान टाकलं होतं. संध्याकाळी दुकान बंद करून कधी कधी त्यांच्याकडे जायचो.

तिथं गेल्यापासून आप्पा बदलले. मित्रांच्या बैठकीत येणं त्यांनी बंद केलं. आले तरी एकटेच बोलत सुटत. दुसऱ्यानं काही विचारलं, की विषय बदलत. फोन उचलत नसत. रस्त्यात मागून हाक मारली तर वळून बघत नसत. लोक म्हणू लागले, निवृत्तीनंतर माणसाला असा माज आलेला पहिल्यांदाच बघतोय.

मी लोकांशी भांडायचो, की आप्पा तसे नाहीत. मग माझ्यावरच ती वेळ आली.

माझी आई पहाटे गेली. पाच वर्षं होत आली आता. सकाळी नातेवाइकांना फोन झाले आणि आप्पांकडे मी स्वतः निघालो, कारण ते फोन उचलणार नाहीत हे माहीत होतं. आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तेव्हा पुण्याला मुलाकडे गेल्या होत्या. आप्पा दारात स्टुलावर बसले होते. लूम सुरू झाले होते. माझ्या पाठीमागून ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं आणि ते डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते.

"आप्पा, आई गेली," मी म्हणालो.

आप्पा हसले. "वा वा. छान झालं," ते म्हणाले. "पेढे कुठंयत?"

मी तसाच मागे फिरलो. गल्लीच्या टोकापर्यंत कसा चाललो ते आठवत नाही. घाटावर सगळे होते, आप्पा नव्हते. दहाव्याला नव्हते. तेराव्याला नव्हते. पुढे काकू पुण्याहून आल्या तेव्हा माझ्या बायकोला भेटून गेल्या, एकट्याच. मी बायकोलाही सांगितलं नाही ते काय म्हणाले होते. असलं वाक्य दुसऱ्याला सांगायचं म्हणजे आपण ते पुन्हा ऐकायचं. आप्पांच्या गल्लीतून जाणं मी बंद केलं.

तीन वर्षं अशी गेली. मग एक दिवस काकू दुकानात आल्या. गुडघ्यांनी त्यांना जेरीला आणलं होतं, तरी रिक्षा न करता चालत आल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "त्यांना समरकंदला जायचंय."

"कुठं?"

"समरकंद. परदेशात आहे म्हणे. कागद तिकडूनच आला आपल्याकडं, ते गाव बघायचं म्हणतात. पोरगा म्हणतो, बाबांचं डोकं फिरलंय. मी या गुडघ्यांनी कुठं जाऊ? तुम्ही जा त्यांच्याबरोबर."

मी वहीचे गठ्ठे सरळ करत राहिलो.

"तुमच्या दोघांत काय झालं ते मी विचारत नाही," काकू म्हणाल्या. "पण कोण सोबत पाहिजे म्हटल्यावर त्यांनी तुमचंच नाव घेतलं. दुसऱ्याचं घ्यायला तयार नाहीत."

मी नाही म्हणणार होतो. पण काकू उठल्या आणि दुकानाची पायरी उतरताना त्यांनी दाराची चौकट धरली, ती बराच वेळ धरून ठेवली. मी "बघतो" म्हणालो. आमच्याकडे बघतो म्हणजे हो.

इंदूरच्या एका एजंटानं सगळी व्यवस्था केली. सप्टेंबरात आम्ही दिल्लीहून ताश्कंदला आणि तिथून आगगाडीनं समरकंदला पोचलो. प्रवासभर आप्पा बोलत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. विमानतळावर ते माझ्या शर्टाची बाही धरून चालत. सूचना झाली की माझ्या तोंडाकडे बघत. मला ते लहान मुलासारखं वाटलं आणि राग आला. एवढी हौस होती तर स्वतः ऐकावं, स्वतः विचारावं.

समरकंद मी आधी कुठं तरी पाहिलेलं असावं असं वाटलं. हवा कोरडी, उजेड मऊ. रस्त्यांच्या कडेला पाण्याचे छोटे पाट वाहत होते आणि त्यांच्यावर तुतीच्या झाडांची सावली हलत होती. लांबून निळे घुमट दिसायचे. ते इतके निळे होते, की त्यांच्या मागचं आकाश फिकं वाटायचं. आम्ही एका बाईच्या घरी उतरलो होतो. तिच्या अंगणात द्राक्षाचा मांडव होता. ती तिच्या भाषेत बोले, आप्पा बुऱ्हाणपूरच्या मराठी-हिंदीत उत्तर देत आणि दोघंही समाधानानं मान डोलावत.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, घुमट बघायला जाऊ. आप्पा पुढं चालत राहिले आणि थेट बाजारात शिरले. दुसऱ्या दिवशीही तेच. मोठ्या मशिदीच्या अगदी शेजारी तो बाजार भरतो. लोक फोटो काढून बाजारात येतात, आप्पा बाजारातूनच मशिदीकडे एकदा बघून म्हणाले, "चांगली आहे," आणि जर्दाळूंकडे वळले.

असा बाजार मी पाहिला नव्हता, आणि तरी बुऱ्हाणपूरचाच वाटत होता. गोल रोट्यांचे ढीग, मधोमध नक्षी टोचलेली, वर तीळ. खडीसाखरेचे पिवळे खडक. खरबुजं माणसाच्या मांडीएवढी, आणि कापली की सगळ्या रांगेला वास. चुरमुऱ्याच्या लाडूएवढे पांढरे खारट गोळे, ते दह्याचे निघाले. विकणाऱ्या बायका हसल्या की सोन्याचे दात चमकत. शब्दही आपलेच भेटत होते. बदाम तो बदाम, अनार तो अनार, प्याज तो प्याज. आप्पांनी एका बाईला "सबजी, सबजी" म्हटलं तर तिनं त्यांच्या हातात पिवळ्या गाजरांची जुडी ठेवली. तिथं सबजी म्हणजे गाजर. आप्पांनी ती जुडी दिवसभर फुलांच्या गुच्छासारखी हातात धरून मिरवली.

आणि ते सुखात होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांची वर्षं उतरत गेली. बोटांनी भाव विचारायचे, भुवयांनी नाही म्हणायचे, छातीवर उजवा हात ठेवून आभार मानायचे. ती तिथली पद्धत त्यांनी पहिल्या तासात उचलली होती. विकणारी माणसं त्यांना ओळखू लागली. लांबून हात करत, "हिंदुस्तान!" म्हणत, चाखायला बोलावत. ज्या माणसाला बुऱ्हाणपुरात लोक माजोरी म्हणत होते, तो इथं अख्ख्या बाजाराशी बोलत होता.

एकच दुःख होतं. कागद नव्हता. सगळीकडे प्लास्टिकच्या पिशव्या. आप्पा वस्तू घेत, पिशवी परत करत आणि खिन्न होत. "जगाला कागद दिला या लोकांनी," ते म्हणत. "आणि स्वतः काय वापरून राहिले बघ."

तिसऱ्या दिवशी बाजाराच्या मागच्या दाराशी एक म्हातारी सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया विकताना दिसली. तिच्या मांडीवर शाळेच्या जुन्या वहीची पानं होती. ती एक पान घेई, त्याची चपळाईनं सुरळी करी, खालचं टोक दुमडी आणि बिया भरी. आप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले. तिनं सात-आठ गिऱ्हाइकांना पुड्या दिल्या तोवर ते बघत होते. मग एक पुडी घेऊन त्यांनी छातीवर हात ठेवला. पानावर कुठल्या तरी मुलाचं वळणदार अक्षर होतं आणि मास्तरांच्या लाल खुणा होत्या. त्या दुपारी आम्ही एका पाटाच्या कडेला बसून बिया सोलत होतो. राग कुठं तरी मागं पडत चालला होता आणि ते मला आवडत नव्हतं.

चौथ्या दिवशी आम्ही कागदाच्या गावी गेलो. शहराबाहेर ओढ्याकाठी एक बाग होती, तिथं अजून जुन्या पद्धतीनं कागद करतात. तुतीच्या फांद्या सोलतात, साल शिजवतात, पाण्याच्या चाकावर चालणारी लाकडी मुसळं ती कुटत राहतात. एक मुलगी सगळं दाखवत होती. हिंदी मालिका बघून तिला थोडं हिंदी येत होतं. आप्पांनी कुटलेला लगदा बोटांत घेतला, जिभेला लावला. ओल्या कागदाच्या चळतीवरून हात फिरवला. शेवटी एक बाई गुळगुळीत दगडानं कागद घासून त्याला चकाकी आणत होती, तिथं ते थांबले. मुलीनं एक तयार कागद त्यांच्या हातात दिला. फिकट पिवळा, सायीसारखा.

आप्पा तो घेऊन बागेत गेले, चाकाच्या आवाजापासून दूर. झाडाखाली उभं राहून त्यांनी तो उजव्या कानाशी धरला. टिचकी मारली. डोळे मिटले.

मी पाच-सहा पावलांवर होतो. मला तो आवाज स्वच्छ ऐकू आला. रेशमी पदर झटकावा तसा. आप्पा तसेच उभे राहिले. पुन्हा टिचकी मारली. मग कागद डाव्या कानाशी नेला. त्यांनी कधी डाव्या कानानं कागद ऐकलेला मी पाहिला नव्हता.

"मुका आहे," ते म्हणाले. स्वतःशीच.

"वाजतोय की, आप्पा," मी मागून म्हणालो.

ते ओढ्याकडे बघत होते. वळले नाहीत.

"आप्पा, चांगला वाजतोय."

काही नाही. तिथं लूम नव्हते, मशीन नव्हती. पाणी वाहत होतं, तेही हळू. मी आणखी दोन पावलं पुढे गेलो आणि ठरवलं नव्हतं तरी माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं.

"आप्पा, आई गेली."

आप्पा ओढ्याकडे बघत राहिले. मग मी जवळ आलो आहे असं त्यांना जाणवलं असावं. वळले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "छान आहे, नाही?"

मी खाली गवतात बसलो. मुलगी धावत आली, पाणी देऊ का विचारू लागली. आप्पा घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघत होते. उन्हानं झालं असेल म्हणाले. मी मान हलवली. परतताना गाडीत त्यांनी तो कागद गुंडाळून गुडघ्यांवर धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराजवळच्या चायखान्यात बसलो. लाकडी तख्तावर गाद्या घातलेल्या, मधे बुटकं टेबल, हिरव्या चहाची किटली. आप्पांनी दोन्ही प्याले भरले. मग घुमटाकडे बघत बोलू लागले.

"मला इथं बरं वाटतं. का माहीत आहे? इथं मला काही कळत नाही आणि तुलाही काही कळत नाही. सगळे हातानंच बोलतात. आपण सगळे बरोबरीत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "काल तुला कळलं ना?"

मी मान हलवली.

"सहा-सात वर्षं झाली. आधी कागद गेला, मग माणसं. लूमच्या गल्लीत घर घेतलं, म्हटलं तिथं कुणाला ऐकू येतं? तिथं झाकून जाईल. झाकलं पण. लोकांना वाटलं माज आलाय. वाटू दे. कागद ऐकणारा आप्पा बहिरा झाला म्हणून हसण्यापेक्षा ते बरं."

ते थांबले. मी काही बोललो तरी उपयोग नव्हता. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण एक गोष्ट तुला विचारायची राहिलीये. म्हणून तुला आणलं. गावात विचारायला तोंड होत नव्हतं."

मी प्याला खाली ठेवला.

"तुझी आई गेली, तर तू मला कळवलंसुद्धा नाहीस. महिन्यानं बायको पुण्याहून आली तेव्हा तिच्याकडून कळलं. तुझ्या आईच्या हातचं किती खाल्लंय मी. तू गावभर सांगितलंस, मला नाही. म्हणून मी आलो नाही. बोलावल्याशिवाय कसा येऊ? तीन वर्षं विचार करून राहिलोय, मी तुझं काय वाईट केलं?"

माझ्या खिशात पेन होतं. दुकानदाराच्या खिशात असतंच. टेबलावर बियांच्या रिकाम्या पुडीचा कागद होता. तो मी उलटा केला आणि लिहिलं, 'मी आलो होतो.'

आप्पांनी चष्मा काढून लावला. वाचलं. "केव्हा?"

'त्याच सकाळी. तुम्ही दारात बसला होता.'

ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग त्यांचं बोट कागदावरच थांबलं. त्यांचा चेहरा बदलत गेला तो मी बघत होतो आणि बघवत नव्हतं.

"त्या आठवड्यात तुझ्या पोरीचा बारावीचा निकाल होता," ते हळू म्हणाले. "मला वाटलं, पोरगी पास झाली."

मी पेनाला टोपण लावलं.

"मी पेढे मागितले," आप्पा म्हणाले.

शेजारच्या तख्तावरची माणसं त्यांच्या गप्पांत होती. कुणी तरी आमची किटली उचलून दुसरी गरम आणून ठेवली. आप्पांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. तीन वर्षं जे मनात घोळवत होतो, की कधी तरी तोंडावर सुनवायचं, त्यातलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. बाजारातून लोक येत होते, जात होते, खांद्यांवर खरबुजं, हातांत रोट्या. मग आप्पांनी तोंड पुसलं, मला हातानं उठवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही घुमट बघायला गेलो.

परत आल्यावर काकूंना सांगायचं काम आप्पांनी माझ्यावर टाकलं. मी सांगितलं, आप्पांना ऐकू येत नाही. काकू तांदूळ निवडत होत्या. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्यांनी कुठं सांगितलं मला?" त्यांनी सूप पाखडलं. "लपवायला एवढा जीव काढत होते. म्हटलं, लपवू दे."

पुढे मुलानं त्यांना कानाचं यंत्र घेऊन दिलं. आता दोघंही पुण्याला असतात. आप्पांची पत्रं येतात, आणि पत्राबरोबर तिकडच्या कुठल्या तरी वाण्याचा कागद. पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते आल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाचं.

सकाळी नऊच्या सुमारास दार वाजलं. आप्पा आणि काकू उभे होते. आप्पांनी पांढरं धोतर, पांढरा सदरा घातला होता. काकूही साध्या पांढऱ्या लुगड्यात होत्या. हसले नाहीत, नमस्कार केला नाही. चपला बाहेर काढून आत आले आणि सतरंजीवर भिंतीला टेकून बसले. माझी बायको गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मग तिलाही कळलं. तिनं पदर डोक्यावर घेतला, पाण्याचे पेले आणून ठेवले आणि काकूंजवळ बसली. काकूंनी तिचा हात हातात घेतला.

मग आप्पांनी कानामागे तळहात धरला, उघडपणे, सगळ्यांसमोर, आणि विचारलं, "काय झालं होतं?"

मी मोठ्यानं सांगू लागलो. आधी छातीत दुखलं तिथपासून. दवाखान्यात नेलं, परत आणलं, शेवटचे दोन दिवस काही खाल्लं नाही, पहाटे पाणी मागितलं. आप्पा माझ्या ओठांकडे बघत होते. जे समजलं नाही ते पुन्हा विचारत होते. मी पुन्हा सांगत होतो. "पाणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"दिलं."

"कुणी?"

"मी दिलं, आप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले. "हातानं दिलंस ते बरं झालं."

अर्ध्या तासानं ते उठले. दुखवट्याला भेटायला आलेला माणूस जाताना येतो म्हणत नाही, तसे तेही काही न म्हणता पायऱ्या उतरले, काकूंचा हात धरून.

समोरच्या घरात महिन्यापूर्वी राहायला आलेल्या बाई दारात उभ्या होत्या. पांढरे कपडे बघून त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्या ओरडून बोलण्याचा आवाज त्यांच्यापर्यंत गेला असणार.

"भैया," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"माझी आई," मी म्हणालो.